आमच्या घरचं शटडाऊन

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही. चहा करायचा म्हटलं तरी तो आधी विचारणार, किती जणांचा, किती वाजता हवा, दूध कधीचं आहे. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याला पगारच याचा मिळतो. कुवेतमधल्या शुऐबा भागातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात तो प्लॅनिंगला आहे. असला कारखाना वर्षानुवर्षं दिवसरात्र चालू असतो आणि मग कधीतरी दुरुस्तीसाठी काही आठवडे साफ बंद ठेवतात. त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काळात कुठला पाइप कोणी उघडायचा, कुठल्या टाकीत कोण उतरणार, कोणाच्या आधी कोण, हे सगळं महिनोन् महिने आधी आखून ठेवणं हे आमच्या साहेबांचं काम. ते तो फार उत्तम करतो असं त्याचे सहकारी सांगतात. अडचण एवढीच की संध्याकाळी तो घरी येतो.

मी तेव्हा कुवेत शहरात, मिरकाबला, एका व्यापारी कंपनीत अकाउंट्स बघत होते. दर काही वर्षांनी आमच्याकडे एक नवा फायनान्स मॅनेजर यायचा. तरुण, इस्त्रीचा शर्ट, एमबीए. आल्या आल्या मला विचारायचा, "मॅडम, हे आपल्याकडे कसं करतात?" मी शिकवायचे. सहा महिन्यांनी तोच मला विचारायचा, "मॅडम, हे असं का केलं?" तिसऱ्या साहेबाला शिकवून झालं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, चौथ्याला मी शिकवणार नाही. ती खुर्ची आता मला पाहिजे.

पुण्यातल्या एका संस्थेत नोकरी केलेल्यांसाठी एक वर्षाचा एमबीए आहे. तिथंच राहून करायचा. प्रवेश परीक्षा कडक. पास झाले तर एक वर्ष मी पुण्यात आणि नवरा व तेरा वर्षांची लेक इकडे खैतानच्या फ्लॅटमध्ये. मध्ये सहा महिन्यांच्या आत मला एकदा कुवेतला परत यावंच लागणार, नाहीतर इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रद्द होतो. लग्न झाल्यापासून मी या घरातून एकटी कुठं गेले असेन तर आईकडे लातूरला, आणि तेही लेकीला काखेत मारून.

शुक्रवारी सकाळी पोह्यांवर मी हे दोघांना सांगितलं. लेक आमची इथंच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "सो यू आर लीव्हिंग अस."

"अगं, अजून परीक्षा पण दिली नाही."

"बट इफ यू पास, यू आर लीव्हिंग."

नवरा पोह्यातले शेंगदाणे एका बाजूला काढत बसला. मला वाटलं, आता हा म्हणणार, या वयात कशाला, घराचं काय, पोरीचं काय. मी भांडायची तयारी करून बसले होते. माझी वाक्यंसुद्धा ठरली होती. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "स्कोप काय आहे?"

"काय आहे?"

"म्हणजे एकूण काम किती? विषय कोणते? सगळ्यात खराब अवस्थेत काय आहे?"

"गणित," मी म्हटलं.

"तू अकाउंटंट आहेस!"

हे ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. अकाउंटंटला गणित येत नाही हो, बेरीज येते. या परीक्षेत विचारतात, पाच माणसं गोल टेबलाभोवती किती प्रकारे बसू शकतील. आमच्या घरात तीन माणसं आहेत आणि ती एकाही प्रकारे एका टेबलावर बसत नाहीत. एक मोबाइल घेऊन सोफ्यावर, एक बाल्कनीत, आणि मी ओट्याशी उभी. मला काय कळणार असली गणितं!

तर त्या शुक्रवारी दुपारी झोपायचं सोडून नवऱ्यानं माझ्या अभ्यासाचा आराखडा काढला. माझा स्वतःचा आराखडा होता बरं का. तो असा: रोज संध्याकाळी बसायचं आणि वाचायचं. तो ऐकून नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्यानं कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्यांचा हा एवढा मोठा तक्ता बनवला आणि खाली रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला. फ्रिजवर मावेना म्हणून बैठकीतल्या भिंतीवर लावला. निळी पट्टी इंग्रजीची, हिरवी कोड्यांची, लाल गणिताची. लाल पट्टी एवढी लांब होती की सोफ्याच्या मागं जाऊन परत बाहेर येत होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "गणिताला उशीर झाला तर सगळ्यालाच उशीर."

त्यात माझ्या ऑनलाइन क्लासचं आणि आमचं जमेना. क्लासचे सर पुण्याचे. ते दर आठवड्याला गोड आवाजात सांगायचे, "रविवार आहे, निवांत आहात, आज एक पूर्ण सराव परीक्षा होऊन जाऊ दे." आता आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी मी ऑफिसात आठवड्याची पहिली फाइल उघडून बसलेली. मी सरांना एकदा लिहिलं की आमचा रविवार म्हणजे तुमचा सोमवार. त्यांनी उत्तर दिलं, "पॉझिटिव्ह राहा."

तक्त्याचं एक वेळ ठीक होतं. नवरा तिथं थांबला नाही. झोपायच्या खोलीतल्या खिडकीपाशी त्यानं मला टेबल मांडून दिलं आणि जाहीर केलं की ही खोली आता 'आत' आहे. आत जायचं असेल तर परमिट लागेल. त्याच्याकडे कारखान्यात असंच असतं. परमिट सही झाल्याशिवाय टाकीजवळ कोणी फिरकायचं नाही. परमिटवर सही करणारा अधिकारी म्हणून त्यानं लेकीला नेमलं. ती तोपर्यंत माझ्याशी फुगून होती, पण अधिकार मिळाल्यावर तिच्यात जीव आला. बापाची जुनी सेफ्टीची जाकिटं असतात ती चमकणारी, त्यातलं एक घालून ती खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागली. परमिटवर लिहायचं, नाव काय, काम काय, किती वेळ. बापानं टॉवेल आणायला जायचं तरी परमिट. आणि मला बाहेर यायचं तरी परमिट! माझ्याच घरात मला बाथरूमला जायला तेरा वर्षांच्या पोरीची सही. एकदा ती म्हणाली, "यू जस्ट वेंट, मम्मा." मी असा आवाज चढवला की वरच्या मजल्यावरचं मिसरी, म्हणजे इजिप्तचं, कुटुंब खाली विचारायला आलं.

मग आले टॅग. हे नीट सांगायला पाहिजे. कारखान्यात एखादा माणूस यंत्राच्या पोटात दुरुस्तीला उतरतो तेव्हा त्या यंत्राच्या बटणाला तो स्वतःचं कुलूप घालतो आणि लाल टॅग बांधतो. टॅगवर त्याचा फोटो, सही आणि कारण. नियम एकच आहे: ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याला हात लावता येत नाही. कारण आत माणूस आहे, आणि बाहेरून कोणी बटण दाबलं तर तो मेला. माणूस काम संपवून बाहेर येतो, स्वतःच्या हातानं टॅग काढतो, तेव्हाच सगळ्यांना कळतं की हा सुखरूप आला. हे सांगताना नवऱ्याचा आवाज बदलतो. इतर वेळी मी त्याच्या प्लॅनिंगची कितीही टिंगल करत असले तरी याची करत नाही.

तर हे टॅग घरी आले. एक टीव्हीच्या रिमोटला. एक माझ्या मोबाइलला, त्यात नणंदा-भावजयांचा ग्रुप आहे म्हणून. आणि एक गॅसच्या शेगडीला. सकाळी मी चहाला उठले तर शेगडीच्या बटणावर लाल टॅग लोंबतोय, त्यावर मिशीसकट नवऱ्याचा पासपोर्ट फोटो, आणि कारणापुढं लिहिलंय, "बायको आत आहे." म्हणजे आजपासून स्वयंपाक तो करणार. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वरून मात्र मी म्हटलं, "पिठल्यापलीकडं तुला येतंय काय?" नव्हतंच येत. रविवारी पिठलं, सोमवारी पिठलं, मंगळवारी त्यात पालक.

एकदा कारखान्यात काहीतरी बिघडलं आणि तो शिफ्ट संपूनही अडकला. फोन लागेना. इकडे लेक आणि मी भुकेनं कासावीस, आणि शेगडीला टॅग. मी काढायला हात घातला तर लेकीनं माझं मनगट धरलं. "रूल इज रूल, मम्मा." म्हटलं, अगं बये, आत कोणी मेकॅनिक नाहीये, मीच आहे आत आणि मीच भुकेली आहे! ती हटेना. शेवटी तीच खालच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, गरम खुबूस, इथली अरबी रोटी, घेऊन आली आणि आम्ही दोघींनी ते लोणच्याबरोबर खाल्लं.

लोणचं आमच्या लातूरचं, आईच्या हातचं. दर उन्हाळ्यात बॅगेत जुन्या साडीत गुंडाळून येतं. त्याची चिनी मातीची बरणी उघडायचा अधिकार या घरात फक्त मला, कारण हे दोघं ओला चमचा घालतात. त्या संध्याकाळी खुबुसाचा तुकडा लोणच्याच्या खारात बुडवता बुडवता लेक एकदम म्हणाली, "इफ यू फेल, यू स्टे. राइट?"

मी म्हटलं, "हो."

"ओके," ती म्हणाली आणि आणखी एक फोड मागितली. मला पुढं काही खावेना.

परीक्षेचं म्हणाल तर गाडं काही पुढं सरकत नव्हतं. सरांचं मुख्य धोरण होतं, सोडून द्या. "सगळे प्रश्न सोडवायला कोणी सांगितलंय? जो येत नाही तो सोडा, पुढं जा." आता हे मला कसं जमावं? आमच्याकडे लहानपणापासून शिकवलं, पानात टाकायचं नाही. कारल्याची भाजी असो नाहीतर दोडक्याची, वाढलंय ना, मग संपवायचं आणि मगच उठायचं. मी त्या गोल टेबलवाल्या पाच जणांना सोडूच शकायची नाही. त्यांना बसवत बसवत वेळ संपायचा आणि पुढचे सोपे प्रश्न तसेच राहायचे. नवऱ्यानं यावर उपाय म्हणून जेवताना माझ्या पानात मुद्दाम जास्त वाढायला सुरुवात केली आणि म्हणायचा, "टाक. सवय कर." त्याचं ते पिठलं टाकायला खरं म्हणजे काही जड जायला नको होतं, पण मी तेही संपवायचे.

दर शुक्रवारी सराव परीक्षा. ती झाली की मार्क पडद्यावर यायचे, आणि लेक ते भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायची. हेही तिचंच खातं. ज्या प्रश्नांना चार पर्याय असतात त्यात मी बऱ्यापैकी होते. पण काही प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर आपण टाइप करायचं. तिथं माझ्यापुढं सगळ्या लाल फुल्या. सगळ्या! पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. फुल्या दिसल्या की मी लॅपटॉप फाडकन मिटायचे. नवरा म्हणायचा, चुका तपासायच्या असतात, तक्त्यात तपासणीची वेगळी पट्टी आहे. मी म्हणायचे, तुझी पट्टी तुझ्यापाशी ठेव.

असं होता होता एका शुक्रवारी मी खोलीतून परमिटबिरमिट न घेता बाहेर आले आणि म्हटलं, "बास. मी नाही देत परीक्षा. काढा ते टॅग."

नवरा कांदा चिरत होता. त्यानं हात धुतले, पुसले. मग शेगडीपाशी गेला आणि गाठ सोडायला लागला. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, ते खरं होतं. पण त्याला हायसं वाटत होतं, तेही खरं होतं. तो स्वतःहून कधी बोलला नसता, पण वर्षभर हे घर माझ्याशिवाय या विचारानं त्याची झोप उडाली होती, हे मला त्या क्षणी कळलं. माझा इतका संताप झाला. आणि संतापाच्या आत मला रडूही येत होतं, कारण मला स्वतःलाही थोडं हायसं वाटत होतं.

लेक नेहमीप्रमाणे मार्क उतरवायला आत गेली होती. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती उघडा लॅपटॉप हातात घेऊन.

"मम्मा, युअर आन्सर्स आर राइट."

"राइट असते तर फुल्या का आल्या असत्या?"

"टू मेनी झीरोज," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला.

मी बघितलं. उत्तर हवं होतं साडेसात. बाजूला ढळढळीत सूचना लिहिलेली की दशांश चिन्हापुढं दोनच अंक लिहा. आणि मी लिहिलं होतं, सात पॉइंट पाच शून्य शून्य. पुढच्या उत्तरात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. आता सांगते हे का झालं. कुवेतच्या दिनाराचे शंभर नाही, हजार फिल्स होतात. त्यामुळे इथल्या अकाउंट्समध्ये पॉइंटनंतर तीन अंक लिहायचेच लिहायचे. दोन लिहिले तर ऑडिटर खेकसतो. इतकी वर्षं मी पॉइंट दिसला की तीन घरं भरत आले होते. बोटं आपली आपण भरत होती, मला पत्ताही नव्हता. आणि क्लासचं ते मठ्ठ मशीन दोन अंक दिसले नाहीत की फुली मारून मोकळं होत होतं. लेकीनं बसून सगळ्या जुन्या परीक्षा उघडून पाहिल्या होत्या. तिनं तक्त्यावरचे मार्क खोडून बाजूला खरे मार्क लिहिले. मी पास होत होते. कधीपासूनच होत होते.

नवरा अर्धवट सुटलेला टॅग हातात धरून तसाच उभा. मी हसत सुटले. म्हटलं, "अगं माझ्या गुणाच्या पोरी!" आणि तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं. "आय शुडन्ट हॅव टोल्ड यू," असं म्हणाली, तिच्या खोलीत गेली आणि दार धाडकन लावून घेतलं.

मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "परमिट?"

मी म्हटलं, पोरी, आता पुरे. शेवटी मी मुकाट्यानं बाहेरच्या खुर्चीवरचं परमिटचं पुस्तक घेतलं. नाव: आई. काम: लेकीशी बोलणे. किती वेळ: लागेल तेवढा. कागद दाराखालून आत सरकवला. मग कागद परत बाहेर आला. खाली सही होती.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती जे बोलली ते इंग्रजीत बोलली, पण त्याचा अर्थ असा होता: तू जाऊ नयेस असं मला रोज वाटतं. मी रोज प्रार्थना करते की तुझे मार्क कमी यावेत. पण खोट्या मार्कांमुळे तू राहिलीस तर मला ते कसं चालेल? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू! तू म्हणशील तर मी नाही जाणार, असं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. कारण ते बोलले असते तर सगळं ओझं त्या लेकराच्या डोक्यावर गेलं असतं. मी एवढंच म्हटलं, "मला जायचं आहे गं. आणि तुला सोडून जायचं नाही. दोन्ही एकदम आहे." ती म्हणाली, "आय नो."

बाहेर आले तर शेगडीला टॅग पुन्हा घट्ट बांधलेला होता आणि नवरा कांदा चिरत होता. डोळे कांद्यानं लाल झालेत असं त्याचं म्हणणं पडलं.

परीक्षा द्यायला मला भारतात जावं लागलं. ठाण्याला नणंदेकडे उतरले. निघताना नवऱ्यानं माझ्या डाव्या तळहातावर पेननं मोठा दोन काढला, की पॉइंटनंतर दोन. केंद्रावर तपासणीला बसलेल्या बाईनं तो मला पुसून टाकायला लावला, पण तोपर्यंत तो डोक्यात बसला होता. पेपरात पुन्हा ती गोल टेबलाची मंडळी आली, या वेळी सात जण. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं बसा बापांनो कुठं बसायचं तिथं, आणि पुढच्या प्रश्नावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा पानात टाकलं आणि काही आभाळ कोसळलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. त्यानं विचारलं, "खलास?" मी म्हटलं, "खलास." शेजारी बसलेल्या नणंदेनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, एवढा वाईट गेला पेपर? अगं, मग एवढं तिकीट काढून आलीस कशाला!" तिला समजवायला मला वेळ लागला की कुवेतमध्ये खलास म्हणजे झालं, संपलं, काम फत्ते. इकडे माणूस खलास होतो, तिकडे काम खलास होतं. तिनं माझ्यासमोर सांजा ठेवला, पण चेहऱ्यावरची दया काही गेली नाही.

मुलाखत ऑनलाइन झाली. निकालाची मेल ऑफिसात असताना आली. मी तिसऱ्या साहेबाला जाऊन सांगितलं. त्यानं मनापासून अभिनंदन केलं आणि मग चेहरा पाडून म्हणाला, "पण मॅडम, पुढच्या माणसाला शिकवणार कोण?" मी म्हटलं, "तुम्ही." घरी मात्र मला कोणाला काही सांगावं लागलं नाही. मी दारात उभी राहिले आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "झालं ना?" आणि पिठल्याऐवजी शिरा करायला घेतला. लेकीनं तो खाल्ला, दोनदा मागून खाल्ला आणि उठून आपल्या खोलीत गेली.

तेव्हापासून मी निघायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी बॅग भरत होते, ती दारात उभी राहायची आणि निघून जायची. मी वेणी घालायला बोलावलं तर म्हणाली, "आय विल लर्न," आणि स्वतःच वेडीवाकडी घालून शाळेत गेली. नवरा म्हणायचा, होईल ठीक, वेळ दे. त्याचं बरं आहे, प्रत्येक गोष्टीला तो वेळ देतो.

निघायच्या दिवशी बॅगा दारात होत्या, खाली टॅक्सी आली होती. मी स्वयंपाकघरात शेवटची नजर टाकायला गेले तर लेक तिथं उभी. हातात लाल टॅग. कोरा नव्हता. त्यावर माझा फोटो चिकटवलेला, माझ्या ऑफिसच्या जुन्या कार्डावरचा, ज्यात मी चोरासारखी दिसते तो. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"आई," ती म्हणाली. मला ती मम्मा म्हणते. "हे तू लाव. कशाला पण लाव."

"का गं?"

"कारण ज्यानं लावला, त्यानंच काढायचा," ती म्हणाली, सगळं मराठीत, एकेक शब्द जपून. "म्हणजे काढायला तुलाच यावं लागेल."

मला समोरचं दिसेनासं झालं. कारणाच्या रेघेवर तिनं देवनागरीत लिहिलं होतं, "आई बहेर आहे." काना राहिला होता. मी चुकांवर तुटून पडणारी बाई आहे, पण त्याला मी हात लावला नाही. खाली सही केली. मग कपाटातून लोणच्याची बरणी काढली, एका लहान बाटलीत थोडं लोणचं काढून ठेवलं, बरणीचं फडकं घट्ट बांधलं आणि त्या गाठीत टॅग अडकवला.

नवरा दारातून म्हणाला, "अरे, म्हणजे सहा महिने एवढ्याशा बाटलीवर काढायचे?"

"कोरडा चमचा घाला, पुरेल," मी म्हटलं.

हे मी पुण्यातल्या वसतिगृहातल्या खोलीत बसून लिहितेय. माझ्या वर्गातली मुलं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि मला काकू म्हणायचं की मॅडम हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. उत्तरात तीन अंक लिहायची माझी खोड अधूनमधून उसळते. घरी लहान बाटलीतलं लोणचं केव्हाच संपलं. शुक्रवारी माझी तासिका सुटली की व्हिडिओ कॉल लागतो, आणि लेक आधी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात जाते, कपाट उघडते आणि मला बरणी दाखवते. टॅग जागेवर असतो. मग म्हणते, "ओके, नाऊ टॉक."

पुढच्या महिन्यात मी इकाम्यासाठी कुवेतला जाणार आहे, चार दिवस. परवा मी तिला म्हटलं, "आता येतेच आहे, तर काढून टाकू या टॅग."

तिनं नकारार्थी मान हलवली. "तू यायचं, काढायचा, लोणचं खायचं," ती म्हणाली, "आणि जाताना परत लावायचा. तुझं काम कुठं संपलंय अजून?"